थाबा बोसिऊ, लेसोथो : मोश्वेश्वे राजाच्या डोंगरावरचा गाईडेड ट्रेक (रिव्ह्यू जरा लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधी रेटिंग देऊन मोकळी होते. डोंगराला पाचपैकी पाच, वर नेणाऱ्या गाईडला साडेचार, आणि आम्हाला जोहान्सबर्गहून तिकडे नेणाऱ्या टूरवाल्याला दीड, तो दीडसुद्धा ड्रायव्हरकडे बघून. टूरवाल्याचं नाव घेत नाही, उगाच वाद नकोत, पण त्याने काय काय केलं ते खाली लिहिलंय म्हणजे तुम्ही बुकिंग करताना नीट विचारून घ्याल.

इकडे दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांचे लाँग वीकेंड ठरलेले असतात. क्रूगर, सन सिटी, ड्रेकन्सबर्ग, डर्बन, संपली यादी. लेसोथो म्हणजे नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात दिसतो तो छोटा देश, तिकडे कुणी जात नाही आणि गेलंच तर सानी पास या घाटातल्या जीप राईडला जाऊन फोटो काढून संध्याकाळी परत. पण तो देश मुळात आहेच का, आजूबाजूचं सगळं गोऱ्यांनी गिळलं आणि एवढाच तुकडा कसा काय शिल्लक राहिला, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. याचं उत्तर बऱ्यापैकी एका माणसात आणि एका डोंगरात आहे. माणूस म्हणजे मोश्वेश्वे पहिला, जन्म 1786 च्या आसपास, मृत्यू 1870. डोंगर म्हणजे थाबा बोसिऊ. ज्याला किल्ले बघायची खाज आहे त्याने हा ट्रेक कराच, ज्याला फक्त व्ह्यू पाहिजे त्यानेही करावा पण गाईडचं ऐकायची तयारी ठेवून, कारण वर बघायला तसं म्हटलं तर दगड, गवत आणि वारा एवढंच आहे.

मासेरू या राजधानीपासून साधारण पंचवीस किलोमीटर, रस्ता चांगला आहे. सपाट माथ्याचा वालुकाश्माचा डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची अठराशे मीटर आहे पण आजूबाजूची जमीनच एवढी उंच की खालून बघाल तर डोंगर जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरचा. माझे सासरे सोबत होते, अख्खा सह्याद्री पालथा घातलेला माणूस, गाडीतून डोंगर दिसला तर म्हणाले, "हा? याला गड म्हणायचं?" मी गप्प बसले. पायथ्याला उतरल्यावर त्यांनी मान वर करून एक फेरी नजर फिरवली आणि मग त्यांचा सूर बदलला. कारण वरचा जो कातळाचा पट्टा आहे ना तो डोंगराच्या चारी बाजूंनी सलग फिरलाय, तटबंदी बांधायची गरजच नाही, आणि वर चढायला मोजून थोड्या वाटा, त्या पण कातळातल्या चिरा. गाईड भेटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न काय असेल? "पाणी कुठाय?" गाईड खूश झाला एकदम. म्हणाला बरोबर विचारलंत, वर सात-आठ झरे आहेत. झालं, तिथनं पुढे दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच, मी आणि माझा नवरा नुसते मागे मागे.

गाईडला तिकडे न्ताते म्हणायचं, वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं. बाई असतील तर म्मे. नावाने हाक मारू नका, चांगलं दिसत नाही. आमचे न्ताते साठीचे असावेत, अंगावर ब्लँकेट, डोक्यावर ती शंकूच्या आकाराची गवताची टोपी, इंग्लिश एकदम स्वच्छ आणि सावकाश. घाई नाही. प्रत्येक वळणावर थांबून एकच गोष्ट सांगायची आणि मग पुढे. हे मला फार आवडलं कारण बाकी ठिकाणी गाईड म्हणजे पाठ केलेली टेप असते, मध्ये प्रश्न विचारला की पहिल्यापासून सुरू.

चढाई खुबेलू खिंडीतून होते, ही मुख्य वाट. रोज चालणाऱ्या माणसाला अर्धा तास पुरे, आम्हाला जास्त लागला कारण गप्पा. अर्ध्या वाटेवर न्ताते थांबले आणि म्हणाले आता मागे बघा. मागे दरी, नदीकाठची शेतं आणि बाजूला एकटाच उभा असलेला सुळका, त्याचं नाव किलोआने. त्यांच्या टोपीचा आकार या सुळक्यावरनं घेतलाय असं सांगतात. मग म्हणाले, जुलै 1824, कडाक्याची थंडी (इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा), आणि एक चाळिशीकडे झुकलेला छोटा सरदार आपली माणसं, बायका-पोरं, म्हातारे, गुरं घेऊन उत्तरेकडनं बुथा-बुथेहून चालत येतोय. शंभरच्या वर किलोमीटर. बुथा-बुथेचा डोंगर पण चांगला होता पण सेकोन्येलाच्या बात्लोक्वा लोकांनी त्याला वेढा घालून उपाशी मारायला आणलं होतं, तो वेढा कसाबसा सुटला आणि याने ठरवलं की यापेक्षा मोठा, वर गुरं चरतील आणि पाणी असेल असा डोंगर पाहिजे.

तो काळ म्हणजे आफ्रिकेच्या या पट्ट्यात नुसता हाहाकार होता. एका बाजूला शाकाचं झुलू राज्य वाढत होतं, टोळ्याच्या टोळ्या उठून दुसऱ्यांवर आदळत होत्या, पिकं गेली, गुरं गेली, लोक अक्षरशः माणसं खायला लागले. यावर हल्ली इतिहासवाल्यांमध्ये वाद आहे की किती दोष शाकाचा आणि किती दोष गुलाम पकडणाऱ्यांचा आणि केप या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतीकडून बंदुका घेऊन येणाऱ्या टोळ्यांचा, न्तातेंनी तेही सांगितलं, एकाच माणसावर ढकलून मोकळे झाले नाहीत, त्याबद्दल पेशल मार्क.

आणि इथेच ती गोष्ट येते जी ऐकून माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवला. त्या प्रवासात मागे पडलेल्या लोकांना नरभक्षक टोळीने गाठलं, त्यात मोश्वेश्वेचे आजोबा पेएते पण होते, त्यांना खाल्लं. टोळीच्या म्होरक्याचं नाव राकोत्स्वाने. पुढे हे लोक मोश्वेश्वेच्या हाती लागले. माणसं म्हणाली मारून टाका. हा म्हणाला माझ्या आजोबांची कबर यांच्या पोटात आहे, कबरीला हात कसा लावू? आणि कबरीवर जे विधी करतात ते त्यांच्या अंगावर करून, गुरं देऊन, त्यांना जमिनीवर बसवलं. शेती करा म्हणाला. आता यात किती खरं किती मीठमसाला माहिती नाही म्हणून मी आधी जरा हसले, पण सूड सोडून माणसं जमवायची हा त्याचा हिशोब पुढच्या सगळ्या कारभारात दिसतो, त्यामुळे गोष्ट त्याच्या स्वभावाला धरून आहे. गंमत म्हणजे तरुणपणी हा स्वतः दुसऱ्यांची गुरं पळवण्यात पटाईत होता. मोह्लोमी नावाच्या एका शहाण्या माणसाने कान टोचले आणि मग सुधारला असं सांगतात.

खिंड वर अरुंद होते तिथे दोन्ही अंगाला कातळ, माणसं एकामागे एक चालतील एवढीच जागा. बाबा तिथे उभे राहिले आणि हाताने दाखवायला लागले, दगड इथनं लोटायचे, तिरंदाजी तिथनं. न्ताते म्हणाले तिरंदाजी नाही, भाले, पण दगडांचं बरोबर. 1831 मध्ये मझिलिकाझीचे न्देबेले आले होते, हे शाकाच्या तालमीत तयार झालेले लोक, कुणाला न हरणारे. वरून दगडांचा असा मारा झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. आता आपल्याकडची कुठलीही गोष्ट असती तर इथे पाठलाग करून कापून काढले वगैरे आलं असतं. मोश्वेश्वेने काय केलं, परत निघालेल्या सैन्याच्या मागे धडधाकट बैल पाठवले. निरोप असा की तुम्ही भुकेपोटी आमच्याकडे आला असाल, वाटेत खायला घेऊन जा. ते परत कधीही आले नाहीत. मझिलिकाझी पुढे थेट आत्ताच्या झिम्बाब्वेपर्यंत गेला पण या डोंगराकडे फिरकला नाही.

मी विचारलं, हे चांगुलपण की चलाखी? न्ताते म्हणाले, राजाला वेगवेगळं ठेवायची गरज काय? हे वाक्य मी लिहून घेतलं.

माथ्यावर पोचलं की एकदम पठार उघडतं, वारा कान बधिर करतो (टोपी बांधून ठेवा, माझी गेली असती). आणि इथे खरं राज्य कसं चालायचं ते कळतं. राजवाडा वगैरे अपेक्षा ठेवू नका. दगडी भिंतींचे अवशेष आहेत, त्यातलं एक घर डेव्हिड वेबर नावाच्या ब्रिटिश सैन्यातून पळालेल्या गवंड्याने 1837 मध्ये बांधून दिलं. म्हणजे फरार सैनिक राजाच्या पदरी गवंडीकाम करतोय, मला हे लय भारी वाटलं. भिंत कमरेएवढी सुद्धा नाही काही ठिकाणी, पण चौकटीचे कोन बघा, बाकीच्या गोल झोपड्यांच्या जोत्यांशेजारी हा काटकोन वेगळा उठून दिसतो. बाबांनी दगडावर हात फिरवून सांधा बघितला, मग जोत्याच्या बाहेरून एक चक्कर मारली, आणि म्हणाले गवंडी चांगला होता.

कारभाराचं सांगते कारण तो भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. या माणसाकडे जी माणसं आली ती बहुतेक सगळी लुटलेली, उपाशी, वेगवेगळ्या टोळ्यांची. त्यांना तो गुरं द्यायचा पण मालकी द्यायचा नाही. याला माफिसा म्हणतात. दूध तुझं, शेण तुझं, नांगराला जुंप, पण गाय राजाची. आपल्याकडे अर्धलीने जनावर पाळायला देतात त्यातलाच प्रकार. उपाशी माणसाच्या घरात दूध आलं आणि माणूस आपसूक बांधला गेला, सैन्य पाठवायची गरज नाही. दुसरं म्हणजे लग्नं. शेवटी शंभरावर बायका होत्या म्हणे, वेगवेगळ्या घराण्यांतल्या, हे ऐकून मी तोंड वाकडं केलंच, आणि न्ताते हसून म्हणाले तुमची म्मे रागावली. त्यातली प्रत्येक सोयरीक म्हणजे एक तह होता हे कळतं, पण त्या बायकांचं म्हणणं काय होतं ते कुणी सांगत नाही. पहिली बायको मामोहातो, तिचं नाव तेवढं मानाने घेतात. तिसरं म्हणजे पित्सो, मोठी सभा. पुरुष जमायचे आणि राजाच्या तोंडावर बोलायचे, वाट्टेल ते, आणि राजा शेवटी बोलायचा. सभेत पुरुषच, हे पण आलंच.

1833 मध्ये तीन फ्रेंच मिशनरी आले, काझालिस, आरबूसे आणि गोसलँ. आले म्हणजे यानेच बोलावून घेतले. कुणीतरी सांगितलं होतं की असे प्रार्थनावाले जिथे असतात तिथे शांतता असते आणि बाहेरच्या जगाशी बोलता येतं, तर याने मिशनरी आणायला चक्क गुरांचा कळप पाठवला, तो वाटेत लुटला गेला तो भाग वेगळा. काझालिस पुढे वीसेक वर्षं याचा परराष्ट्र खात्याचा माणूस असल्यासारखाच होता, पत्रं लिही, तहाचा मजकूर वाच, गोऱ्यांच्या मनात काय चाललंय ते सांग. आणि गंमत बघा, एवढं करून राजा शेवटपर्यंत ख्रिश्चन झाला नाही. 1862 ला कॅथलिक पण आले, दोघेही त्याच्या मागे, बाप्तिस्म्याची तारीख पण ठरली आणि त्याआधीच म्हातारा गेला. चर्चला जायचा, वाद घालायचा, त्यांच्या सल्ल्यातलं पटेल तेवढं घ्यायचा. 1854 मध्ये बाहेरून येणाऱ्या दारूवर बंदी घातली, 1855 मध्ये चेटूक केलं म्हणून माणूस मारणं बंद असा हुकूम काढला. त्या काळात!

आता माझा सगळ्यात आवडता स्टॉप. माथ्याच्या कडेला एका ठिकाणी न्तातेंनी आम्हाला बसवलं आणि समोरच्या पठाराकडे बोट केलं, ते बेरिया. डिसेंबर 1852. ब्रिटिश गव्हर्नर कॅथकार्ट फौज घेऊन आला आणि म्हणाला तुमच्या लोकांनी चोरलेल्या गुरांची भरपाई म्हणून तीन दिवसांत दहा हजार गुरं आणि एक हजार घोडे द्या. साडेतीन हजार गुरं जमली. कॅथकार्ट चालून आला. पण तोवर बासोथो म्हणजे मोश्वेश्वेच्या लोकांकडे घोडे होते, बंदुका होत्या, वीस वर्षांत हे लोक पायदळाचे घोडेस्वार झाले होते आणि ते डोंगराळ घोडे तर आजही प्रसिद्ध आहेत. इंग्रजांना दणका बसला, लूट म्हणून चार हजारांवर गुरं मिळाली पण फौज अडचणीत. संध्याकाळी मोश्वेश्वेला माहिती होतं की आज आपण जिंकलोय. आणि त्याच मध्यरात्री त्याने मुलाकडून पत्र लिहवून घेतलं, कॅथकार्टला. मजकूर साधारण असा की आपण आज माझ्या लोकांशी लढलात, पुष्कळ गुरं घेतलीत, आपली ताकद दाखवलीत, शिक्षा केलीत, आता एवढं पुरे करा, मी आपल्याकडे शांतता मागतो, यापुढे मी माझ्या लोकांना शक्य तेवढं आवरीन.

कॅथकार्टला तर घरी जायला कारणच पाहिजे होतं. ते आयतं मिळालं. तो विजय झाला असं जाहीर करून गेला. जिंकलेल्याने हरल्याचं पत्र लिहायचं आणि हरलेल्याने जिंकल्याचा रिपोर्ट, आणि दोघं खूश! बाबा बराच वेळ हसत होते. मला विचाराल तर नुसत्या या एका जागेसाठी आणि तिथे बसून हे ऐकण्यासाठी ट्रेकचे पैसे वसूल आहेत.

हां आता साडेचार का, पाच का नाही ते सांगते. न्ताते बेरियापर्यंत जेवढे रमले तेवढे पुढच्या भागात रमले नाहीत, तो त्यांनी झरझर उरकला आणि मला वाटतं तिथेच खरी गोष्ट आहे. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मी पण उरकला असता, दुःखाचा भाग आहे, पण पाहुण्याला तो कळायला पाहिजे.

कसं आहे बघा, मोश्वेश्वेचं सगळं राजकारण एका गोष्टीवर चालायचं, समोरच्याला घरी जायला वाट करून द्यायची. न्देबेलेंना बैल दिले, गेले. नरभक्षकांना शेत दिलं, स्थिरावले. कॅथकार्टला अब्रू दिली, गेला. पण 1854 मध्ये ब्रिटिशांनी ब्लूमफाँटेनचा करार करून ऑरेंज नदीच्या उत्तरेकडची जबाबदारी झटकली आणि शेजारी ऑरेंज फ्री स्टेट हे बोअर लोकांचं, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचं, राज्य झालं. बोअरांना गुरं नको होती, म्हणजे ती पण हवी होती, पण मुख्य म्हणजे जमीन हवी होती, शेतं, घरं, पोरांच्या पोरांसाठी. त्यांना परत जायचंच नव्हतं. मग अशा माणसाला घरी जायला वाट कुठली देणार?

1858 च्या पहिल्या लढाईत अजून जुना डाव चालला. बोअर थाबा बोसिऊच्या पायथ्यापर्यंत आले, डोंगर बघितला, तेवढ्यात बातमी आली की बासोथो स्वार मागे त्यांच्याच शेतावर घुसलेत, तर सगळे आपापल्या घराकडे पळाले. 1865 ला मात्र पूर्ण तयारीने आले. 15 ऑगस्ट 1865 ला लाऊ वेपेनर नावाचा त्यांचा कमांडंट याच खुबेलू खिंडीतून वर चढायला लागला, जवळजवळ माथ्याला पोचला आणि गोळी लागून पडला. आपण ज्या वाटेने फोटो काढत आलो तीच वाट. हल्ला फसला, डोंगर पडलाच नाही, शेवटपर्यंत कधीच पडला नाही. पण बोअरांनी मग डोंगर सोडून दिला आणि खालची उभी पिकं जाळायला घेतली. वर गुरं कोंडलेली, गवत किती पुरणार. अजिंक्य डोंगरावर बसून उपाशी मरायची वेळ, म्हणजे 1824 ला बुथा-बुथेला जे झालं तेच म्हातारपणी मोठ्या प्रमाणावर. पोरगा मोलापोने तर स्वतःपुरता वेगळा तह करून टाकला. शेवटी एप्रिल 1866 मध्ये याने सही केली, अर्धाअधिक सुपीक मुलूख देऊन. लोक त्याला ज्वारीचा तह म्हणतात, कारण सही केली ती ज्वारी घरात यावी म्हणून. आमच्या घरात ज्वारीची भाकरी रोजची, हे नाव ऐकून कुणीच काही बोललं नाही मिनिटभर.

मग शेवटची खेळी. वर्षानुवर्षं ब्रिटिशांना पत्रं लिहीत होता की मला राणीच्या छत्राखाली घ्या, ती मागणी अखेर 12 मार्च 1868 ला मान्य झाली. केपचा गव्हर्नर वुडहाउस याने मुलूख ब्रिटिश असल्याचं जाहीर केलं. माझा देश राणीचं ब्लँकेट आणि माझी माणसं त्यातल्या उवा, असं म्हातारा म्हणाला म्हणून सांगतात. लाचारी वाटते ना ऐकायला? मला पण वाटली. पण ऊ एकदा ब्लँकेटमध्ये शिरली की काढायला किती त्रास होतो ते विचारा. दोनच वर्षांत, 11 मार्च 1870 ला तो गेला, आणि मुलूख, मधली काही वर्षं केपच्या ताब्यात जाऊनही, शेवटी बासुतोलँड म्हणून वेगळा राहिला. 1910 ला दक्षिण आफ्रिकेचं युनियन झालं तेव्हा हा तुकडा त्यात नव्हता, म्हणून 1966 ला स्वतंत्र देश झाला, म्हणून शेजारच्या वर्णभेदाच्या कायद्यांखाली आला नाही. मी कामाला ज्यांच्यासोबत बसते त्यातल्या सोथो बाईंचं माहेर तिकडे आहे, त्यांच्या बोलण्यात हा फरक येतो.

कबर माथ्यावरच आहे. अगदी साधी, दगड रचलेले आणि नावाचा दगड. न्तातेंनी टोपी काढली. आजूबाजूला घराण्यातल्या बाकीच्यांच्या कबरी, राजे मोश्वेश्वे दुसरे पण इथेच, ते 1996 मध्ये गाडीच्या अपघातात गेले. इथे आरडाओरडा, उड्या मारून फोटो नको, लोकांसाठी ती श्रद्धेची जागा आहे. माती खिशात घालून आणू नका, तिकडची समजूत आहे की नेलेली माती रात्रीतून डोंगरावर परत जाते. एका पाहुण्या कॉलेजकुमाराने बाटलीत भरायला घेतली तेव्हा न्ताते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, त्याने ओतून टाकली.

आता टूरवाल्याचं. ब्रोशरमध्ये फुल डे थाबा बोसिऊ असं छापलेलं, प्रत्यक्षात म्हणाले दीड तास आहे तुमच्याकडे कारण नंतर मासेरूत शॉपिंग स्टॉप आहे. अहो जोहान्सबर्गहून चारशेच्या वर किलोमीटर यायचं आणि दीड तास? बाबांनी खाली यायलाच नकार दिला. सरळ दगडावर बसले. शेवटी ड्रायव्हर बिचारा म्हणाला बसा तुम्ही, मी बघतो, आणि त्याने शॉपिंगवाल्यांना वेगळं नेऊन आणलं. गाईडची फी पॅकेजमध्ये धरली आहे असं सांगितलेलं, ती पण आम्ही वेगळी दिली. आणि सगळ्यात राग कशाचा, व्हॅनमधला टूर एस्कॉर्ट लेडीब्रँडवरनं जाताना म्हणाला की हा सगळा भाग पूर्वी रिकामाच होता. रिकामा! लेडीब्रँड हे गाव वसलंच 1867 मध्ये, युद्धात घेतलेल्या जमिनीवर. सीमेच्या अलीकडे तुम्हाला जी गव्हाची, सूर्यफुलाची लांबलचक शेतं दिसतात आणि पलीकडे गेल्यावर एकदम धूप झालेल्या घळी आणि चढावरची तुकडा-तुकडा शेती, तो फरक निसर्गाने केलेला नाहीये, तो त्या तहांनी केलाय. 2023 मध्ये लेसोथोच्या संसदेत ही जमीन परत मागायचा ठराव चर्चेला आला होता, म्हणजे तिकडे विषय संपलेला नाही. जाताना खिडकीजवळची सीट घ्या आणि सीमेवरच्या पुलाच्या दोन्ही बाजू बघून ठेवा, ट्रेक तिथूनच सुरू होतो असं समजा.

खाण्याचं : शाकाहारींनी घाबरू नका. पायथ्याजवळ एका बाईंकडे पापा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि मोरोहो म्हणजे परतलेली पालेभाजी मिळाली, तेल-मीठ एवढंच पण गरम गरम आणि त्या वाऱ्यातून खाली आल्यावर स्वर्ग. आम्ही सोबत शेंगदाण्याची चटणी नेली होती, बाईंना दिली, त्यांनी बाटली ठेवूनच घेतली. आल्याचं एक पेय मिळतं, गेमेरे, ते मुलांना आवडेल. चहा मात्र आपल्या हिशोबाचा नाही.

ब्लँकेट घ्यायचं तर घाईत घेऊ नका. 1860 मध्ये एका व्यापाऱ्याने राजाला लोकरी ब्लँकेट भेट दिलं आणि तेव्हापासून चामड्याच्या जागी हे आलं असं सांगतात. प्रत्येक डिझाईनचा मान वेगळा असतो, मक्याच्या कणसाचं असतं ते भरभराटीचं मानतात, आणि उभ्या पट्ट्या उभ्याच राहिल्या पाहिजेत, आडवं पांघरलं तर दुकानदारीणच ओरडते. मी घेतलं, महाग आहे, पण जोहान्सबर्गच्या जुलैत हीटर कमी लावावा लागला. रँड सगळीकडे चालतात, वेगळे पैसे बदलून घ्यायची कटकट नाही.

कुणी जावं : सात-आठ वर्षांपुढची मुलं आरामात. गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्या, उतरताना खुबेलूचे दगड गुळगुळीत आहेत. नोव्हेंबर ते मार्च दुपारी विजा पडतात आणि माथ्यावर आडोसा शून्य, सकाळीच चढा. पाणी न्या, झऱ्याचं पिऊ नका (बाबा प्यायले, काही झालं नाही, पण तुम्ही पिऊ नका). स्वतःची गाडी असेल तर टूर घेऊच नका, भाड्याच्या गाडीला सीमा ओलांडायचं पत्र लागतं ते आधी मागून ठेवा, मासेरूत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी मोरिजाला जा, तिथे त्या फ्रेंच मिशनऱ्यांचं पहिलं ठाणं आणि छोटं म्युझियम आहे. आम्हाला शॉपिंग स्टॉपपायी तेवढं राहिलं. बाबांनी पुढच्या वेळची गाडी बुक करायला घेतली आहे, आणि खुबेलू सोडून दुसऱ्या वाटेने वर नेणार का असं न्तातेंना आत्ताच विचारून ठेवलंय.